हलणारा सा: एका पार्श्वनादातल्या एलएफओचे प्रकरण

एका प्रायोगिक मराठी नाटकाच्या दुसऱ्या अंकात सुमारे ११ मिनिटांचा एक प्रवेश आहे. रात्रीची वेळ, वाड्याची ओसरी, खुंटीला एक कंदील आणि कोपऱ्यात बसून अभंग गाणारे एक वयस्क बुवा. बुवा रंगमंचावर प्रत्यक्ष गातात. त्यांच्यामागे अखंड चालणारा एक नाद हवा होता, पण तो तंबोऱ्याचा नको, असे दिग्दर्शिकेने पहिल्याच बैठकीत बजावले होते. तंबोरा लागला की प्रेक्षक मनाने मैफलीत जाऊन बसतात आणि ओसरी विसरतात, असे तिचे म्हणणे होते व ते मला पटले. म्हणून मी सॉफ्टवेअर सिंथेसायझरवर एक पॅड, म्हणजे मागे सतत पसरून राहणारा नाद, बांधला, घरी हेडफोनवर चार दिवस ऐकला, त्यावर खूश झालो आणि तालमीला घेऊन गेलो. तिथे तो पडला. का पडला हे शोधायला मला दोन आठवडे लागले. सगळी कारणे अखेर एलएफओपाशी येऊन थांबली आणि त्यांतला बहुतेक दोष माझ्या सवयींचा होता.

एलएफओ, म्हणजे लो फ्रिक्वेन्सी ऑसिलेटर, हा सिंथमधल्या इतर ऑसिलेटरांसारखाच, म्हणजे लाट निर्माण करणाऱ्या भागांसारखाच, असतो, फक्त तो इतका संथ चालतो की त्याचा स्वर म्हणून ऐकू येत नाही. साधारण २० हर्ट्झच्या खाली कान स्वर ओळखत नाही, त्याला केवळ हालचाल जाणवते. एलएफओची लाट स्पीकरकडे पाठवायची नसते. ती सिंथमधल्या एखाद्या नॉबला जोडायची असते, आणि मग एखादा अदृश्य हात तो नॉब ठरावीक गतीने पुढेमागे फिरवत राहतो. सेकंदाला पाच-सहा वेळा स्वराची उंची हलवली तर व्हायब्रेटो होतो, आवाजाची पातळी हलवली तर ट्रेमोलो होतो, आणि फिल्टरचा कटऑफ (ज्या मर्यादेच्या वरचा उजळ आवाज फिल्टर दाबतो ती मर्यादा) दहा-पंधरा सेकंदांत एकदा उघडला-मिटला तर नाद श्वास घेतल्यासारखा वाटतो. मला हा तिसरा प्रकार हवा होता. सतत वाजणारा निश्चल स्वर कान काही सेकंदांत दुर्लक्षित करतो, पंख्याच्या आवाजासारखा. तो जिवंत ठेवायचा तर त्यात कुठेतरी काहीतरी हलले पाहिजे, एवढा हेतू मनात स्पष्ट होता.

इथे एक विषयांतर करतो, कारण त्याचा पुढच्या चुकीशी संबंध आहे. १९७० साली आलेल्या मिनीमूगमध्ये स्वतंत्र एलएफओ नव्हता. तिसरा ऑसिलेटर सर्वांत खालच्या पट्टीत नेऊन त्यालाच त्या कामाला जुंपावे लागे, म्हणजे हालचाल हवी असेल तर एका ऑसिलेटरचा आवाज गमवावा लागे. १९८२ च्या रोलँड जुनो-६० मध्ये स्वतंत्र एलएफओ आला, पण सहाही स्वरांना मिळून एकच. त्या टंचाईमुळे वाजवणाऱ्याला दर वेळी ठरवावे लागे की हालचाल नेमकी कशाला द्यायची. मी वापरलेला सर्ज एक्सटी हा मुक्तस्रोत सिंथ फुकट मिळतो, आणि त्याच्या दोन सीनपैकी (एकाच सिंथमधल्या दोन स्वतंत्र ध्वनिरचनांपैकी) प्रत्येकात प्रत्येक स्वरासाठी वेगळे चालणारे सहा आणि सगळ्या स्वरांना सामाईक असे सहा, मिळून बारा एलएफओ असतात. एवढी सुबत्ता समोर आली की हात आवरत नाही. मी चार हालचाली लावल्या आणि त्यांतल्या एकीलाही 'तू इथे का आहेस' असे विचारले नाही.

मूळ पॅडची रचना अशी होती. बुवांची पट्टी काळी एक, म्हणून खालचा सा १३८.५९ हर्ट्झवर, त्यावर पंचम आणि तार सा, असे तीन स्वर ११ मिनिटे दाबून ठेवलेले. प्रत्येक स्वरात दोन ऑसिलेटर, एक तीन सेंट वर आणि दुसरा तीन सेंट खाली (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). प्रकल्पाचा टेम्पो मिनिटाला ६० मात्रा, म्हणजे चार मात्रांचा एक बार ४ सेकंदांचा. पहिला एलएफओ फिल्टरच्या कटऑफवर, ८०० हर्ट्झ मध्य धरून दोन्ही बाजूंना बारा-बारा अर्धस्वर, म्हणजे ४०० ते १६०० हर्ट्झ, आवर्तन दोन बारांचे. दुसरा त्रिकोणी लाटेचा, स्वराच्या उंचीवर, १२ सेंट इतका, आवर्तन एका बाराचे. तिसरा ऑसिलेटरच्या लाटेच्या रुंदीवर, जिच्यामुळे आवाजाचा रंग बदलतो, आवर्तन चार बारांचे. याशिवाय ट्रॅकवर एक ऑटोपॅन, जो आवाज दोन बारांत डावीकडून उजवीकडे नेऊन परत आणी. सगळे एलएफओ टेम्पोला बांधलेले आणि स्वर दाबताच आरंभापासून सुरू होणारे. कागदावर हे फार नीटनेटके दिसत होते, आणि या नीटनेटकेपणानेच घात केला.

पहिल्या तालमीत दोन तक्रारी आल्या. दिग्दर्शिका म्हणाली, "अरे, हा आवाज मला मोजता येतोय. एक-दोन-तीन-चार आणि फुगतो, एक-दोन-तीन-चार आणि फुगतो. मी नटांकडे बघायचं सोडून आकडे मोजत बसले." बुवांची तक्रार वेगळी होती. ते म्हणाले, "सा किंचित चढा आहे रे, आणि जागेवर बसत नाही." मी लॅपटॉपवर ट्यूनर उघडला, स्वर वाजवला, काटा बरोबर मध्यावर उभा राहिला. तो त्यांना दाखवत मी म्हणालो, "बुवा, बघा ना, बरोबर आहे." त्यांनी चष्म्यातून काट्याकडे क्षणभर पाहिले आणि म्हणाले, "मग त्यालाच बसव की गायला."

घरी येऊन मी जे केले ते बहुतेक जण करतात. मोजता येते आहे ना, मग यादृच्छिक करू. कटऑफवरची गुळगुळीत साइन लाट काढून तिथे सॅम्पल अँड होल्ड लावला, जो दर अर्ध्या सेकंदाला एक नवी किंमत उचलतो आणि पुढच्या ठोक्यापर्यंत तीच धरून ठेवतो. परिणाम असा झाला की ओसरीत कुठेतरी नळ गळतो आहे असे वाटू लागले, कारण किंमत यादृच्छिक असली तरी ती बदलण्याचा क्षण ठरलेला होता आणि कान किमतीपेक्षा तो क्षण आधी पकडतो. मग पायऱ्या गुळगुळीत केल्या, वेग कमी केला, लाटेची खोली, म्हणजे ती नॉबला किती दूर नेते ते, वाढवली. दुसऱ्या तालमीत दिग्दर्शिकेने पुन्हा चार मोजले. कटऑफची लाट मी पार बदलली होती, तरी चार सेकंदांचे फुगणे तसेच्या तसे होते. म्हणजे ते कटऑफमधून येतच नव्हते. हे मला तिथे, तिच्या तोंडून आकडे ऐकताना कळले, आणि इतके दिवस मी चुकीच्या नॉबशी झटत होतो याची थोडी लाज वाटली.

त्या तालमीत मी प्रेक्षागृहाच्या मधल्या रांगेत बसून फोनवर तीन मिनिटे ध्वनिमुद्रण केले. घरी ते एका साध्या संपादकात उघडले आणि लाटेचा आकार आडवा दाबून पाहिला. दर चार सेकंदांनी एक स्पष्ट उंचवटा होता. मग माझी मूळ फाइल शेजारी ठेवली. तिच्या डाव्या वाहिनीत उंचवटे दर आठ सेकंदांनी होते, उजव्या वाहिनीतही दर आठ सेकंदांनी, पण डावीकडच्यांच्या बरोबर मधोमध. चार सेकंदांचा उंचवटा एकट्या कुठल्याच वाहिनीत नव्हता. तो दोन्ही एकत्र झाल्यावर जन्माला येत होता.

प्रेक्षागृहात ध्वनिव्यवस्था मोनो होती. लॅपटॉपमधून निघालेल्या दोन वाहिन्या मिक्सरवर एकत्र होऊन दोन्ही बाजूंच्या स्पीकरना तोच आवाज जात होता, आणि छोट्या नाट्यगृहांत हे नेहमीचेच आहे. कडेच्या खुर्चीवरच्या प्रेक्षकालाही सगळे ऐकू यावे, हे त्यामागचे कारण रास्तही आहे. माझे ऑटोपॅन समशक्ती नियमाने चालणारे होते. या नियमात आवाज एका टोकाला असताना त्या वाहिनीला पूर्ण १ आणि दुसरीला ० मिळते, पण मध्यावर असताना दोन्ही वाहिन्यांना अर्धे-अर्धे न मिळता ०.७०७ मिळते, म्हणजे ऐकणाऱ्याला एकूण जोर सारखाच वाटतो. दोन वेगळ्या स्पीकरवर ही योजना उत्तम आहे. मात्र त्याच दोन वाहिन्या तारेत बेरीज करून ऐकल्या, तर टोकाला बेरीज १ येते आणि मध्यावर १.४१४, म्हणजे ३ डेसिबल जास्त. शिवाय डावीकडून उजवीकडे आणि परत अशा एका आवर्तनात आवाज मध्यावरून दोनदा जातो. त्यामुळे आठ सेकंदांचे ऑटोपॅन मोनोमध्ये चार सेकंदांचा ट्रेमोलो झाले. मी आवाज बाजूला हलवत होतो आणि नाट्यगृह तो फुगवत होते. हेडफोनवर हे कधीच ऐकू आले नसते, कारण हेडफोनमध्ये दोन्ही वाहिन्यांची बेरीज होतच नाही. मिक्सिंगच्या खिडकीत मोनोचे बटण असते. ते मी चार दिवसांत एकदाही दाबले नव्हते. दाबल्यावर दहा सेकंदांत दिग्दर्शिकेचे एक-दोन-तीन-चार माझ्याही कानांवर पडले.

ऑटोपॅन काढून टाकले. ते वाचवण्याचे मार्ग आहेत: रेषीय नियम लावला तर मोनो बेरीज स्थिर राहते, किंवा फक्त वरच्या उपस्वरांना (मूळ स्वरासोबत वाजणाऱ्या त्याच्या पटीतल्या स्वरांना) हलवता येते. पण प्रश्न असा होता की ओसरीतल्या रात्रीने डावीकडून उजवीकडे जावेच का, आणि याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

बुवांची तक्रार जास्त खोल निघाली. ट्यूनर बरोबर दाखवतो आणि अनुभवी गायक चढा म्हणतो, तेव्हा ट्यूनर काय मोजतो आहे ते तपासावे, हे मी फार उशिरा केले. एलएफओ दोन प्रकारे लावता येतो. द्विध्रुवी लावला तर नॉबची जागा मध्य मानून लाट तिच्या वर आणि खाली जाते. एकध्रुवी लावला तर नॉबची जागा तळ ठरते आणि लाट फक्त वरच्या बाजूला जाते. कटऑफसाठी किंवा आवाजासाठी एकध्रुवी सोयीचा, कारण किमान किंमत हातात राहते. तीच सवय मी स्वराच्या उंचीला लावली होती. परिणामी माझा सा १३८.५९ हर्ट्झपासून सुरू होऊन १२ सेंट वर, म्हणजे सुमारे १३९.५५ हर्ट्झपर्यंत चढत होता आणि परत येत होता. मूळ जागेच्या खाली तो एकदाही जात नव्हता. सरासरी काढली तर तो सहा सेंट चढाच होता. शिवाय स्वर दाबताच लाट तळापासून सुरू व्हावी अशी फेज (लाट आवर्तनातल्या कुठल्या बिंदूपासून निघते ते) मी ठेवली होती, आणि ट्यूनर मी पाहिला तो स्वर दाबल्यावर पहिल्या क्षणात. तेव्हा तो खरोखर मध्यावर होता. मी एक सेकंद पाहिले होते, बुवा ११ मिनिटे ऐकत होते.

'जागेवर बसत नाही' याचाही हिशेब लागतो. गायक आपला सा नादाशी जुळवतो तो केवळ मूळ स्वरावर नाही, त्याच्या उपस्वरांवरही. मूळ स्वर ०.९६ हर्ट्झने सरकला तर आठवा उपस्वर त्याच्या आठपट, म्हणजे सुमारे ७.७ हर्ट्झने सरकतो. बुवा स्थिर सा लावून उभे आहेत आणि मागचा नाद सरकतो आहे, तेव्हा दोघांच्या आठव्या उपस्वरांत सेकंदाला शून्यापासून जवळपास आठपर्यंत बदलत जाणारे विस्पंद, म्हणजे जवळच्या दोन स्वरांमुळे होणारे आवाजाचे चढउतार, तयार होतात. गुणगुण वाढते, थांबते, पुन्हा वाढते. सामान्य श्रोत्याला ते 'काहीतरी झुळझुळते आहे' एवढेच वाटेल, पण ज्याला त्याच नादावर उभे राहून अभंग उचलायचा आहे त्याच्या पायाखालची फळी हलते.

एलएफओ द्विध्रुवी करून, मध्य बरोबर सावर आणून, खोली दोन्हीकडे चार सेंटपर्यंत कमी करून मी पुढच्या तालमीला एक वेगळी फाइल नेली. बुवा म्हणाले, "चढा नाही आता. पण हलतोय." ते गात नसताना तो नाद मला फार सुंदर वाटला होता, आणि नुसत्या पॅडच्या तुकड्यात मी तो आजही वापरेन. परंतु आंदोलन आणि मींड गायकाच्या गळ्यात असते. ती कशापासून निघाली आणि कुठे परतली हे ज्याच्या आधाराने कळते, तो आधारच हलता ठेवून चालत नाही. मिरजेचे तंबोरे जवारीसाठी नावाजलेले आहेत. त्यांच्या नादात उपस्वर एकामागून एक फुलताना ऐकू येतात, हालचाल भरपूर असते, आणि सा मात्र हलत नाही. घोडीवर तारेखाली सरकवलेला साधा दोरा हे काम करतो. रंग हलतो, जागा हलत नाही. दिग्दर्शिकेला तंबोऱ्याचा आवाज नको होता, पण तंबोऱ्याचा हा कायदा मला पाळायला हवा होता.

स्वराच्या उंचीवरचा एलएफओ पूर्ण काढला. तीन सेंट वर आणि तीन सेंट खाली असे दोन ऑसिलेटर तसेच ठेवले, कारण त्यांची सरासरी सावरच राहते. त्यांच्यातला सहा सेंटांचा फरक १३८.५९ हर्ट्झला ०.४८ हर्ट्झ पडतो, म्हणजे दर दोन सेकंदांना किंचित जास्त वेळाने एक विस्पंद. दुसऱ्या उपस्वरात तो दुप्पट वेगाने येतो, चौथ्यात चौपट. एकही एलएफओ न लावता ही हालचाल फुकट मिळते, आणि ती सगळ्या उपस्वरांत एकाच वेळी होत नसल्याने मोजायला कठीण जाते. ही जर मला आधी ऐकू आली असती, तर दुसरा एलएफओ लावण्याची वेळच आली नसती. बुवांनी यावर हरकत घेतली नाही.

आता राहिला पुनरावृत्तीचा प्रश्न. मूळ रचनेतली आवर्तने ४, ८ आणि १६ सेकंदांची होती. चार आणि आठ दोन्ही सोळाला भागतात, म्हणजे सगळ्या लाटा दर सोळा सेकंदांनी एकत्र समेवर येत. ११ मिनिटांच्या ६६० सेकंदांत तीच सोळा सेकंदे ४१ वेळा वाजत होती, आणि मला वाटत होते की मी ११ मिनिटांचा नाद केला आहे. टेम्पोला बांधण्याची सवय नृत्यसंगीतातून येते, तिथे ती योग्यच आहे, कारण तिथे कटऑफ ढोलाबरोबर उघडायला हवा. या प्रवेशात ढोल नव्हता, टाळही नव्हता. टेम्पो केवळ माझ्या सॉफ्टवेअरच्या वरच्या पट्टीत लिहिलेला एक आकडा होता आणि त्या आकड्याने सगळ्या प्रवेशाला दावणीला बांधले होते.

मी बंधन सोडले आणि आवर्तने सेकंदांत ठरवली: आवाजाच्या पातळीसाठी ७, कटऑफसाठी ११, लाटेच्या रुंदीसाठी १७. शाळेत शिकवलेला लसावि इथे कामी येतो. सात, अकरा आणि सतरा यांना एकाखेरीज सामाईक विभाजक नाही, त्यामुळे तिन्ही एकत्र समेवर येण्यास १३०९ सेकंद लागतात, म्हणजे २१ मिनिटे ४९ सेकंद, प्रवेशाच्या जवळपास दुप्पट. सिंथमध्ये मात्र सेकंद नव्हे, हर्ट्झ भरावे लागतात: ०.१४२९, ०.०९०९ आणि ०.०५८८. चौथ्या दशांशावर तोडल्यामुळे हा लसावि काटेकोर उरत नाही, पण ११ मिनिटांत त्याने काही बिघडत नाही.

लसावि काढून मी निर्धास्त झालो होतो, ते मात्र चुकले. पहिल्या चाचणीत १३०९ सेकंदांचा हिशेब बरोबर असूनही नाद पुन्हा मोजता येत होता, या वेळी सातपर्यंत. कान तिन्ही लाटांची जुळणी शोधत बसत नाही. तो सर्वांत वेगवान लाट पकडतो आणि तिच्यावर बोट ठेवून बसतो. बाकीच्या लाटा कितीही विषम असल्या तरी ती एक लाट जर खोल असेल, तर नाद तिच्या मालकीचा होतो. म्हणून सात सेकंदांची लाट एक डेसिबलपर्यंत उतरवली, जिथे ती ऐकू येत नाही पण बंद केली तर काहीतरी गेल्यासारखे वाटते. कटऑफची झेप दोन्हीकडे बारा अर्धस्वरांवरून पाचवर आणली, म्हणजे साधारण ६०० ते १०७० हर्ट्झ. सर्वांत संथ लाटेला सर्वांत जास्त मोकळीक दिली. वेग आणि खोली हे दोन नॉब सिंथवर शेजारी-शेजारी असतात, पण मी ते नेहमी स्वतंत्र समजून फिरवत आलो होतो.

तीन स्वर एकाच क्षणी दाबलेले असणे हीदेखील अडचण होती. प्रत्येक स्वराचा एलएफओ स्वर दाबताच आरंभापासून सुरू होत असेल आणि स्वर एकत्र दाबले असतील, तर तिन्ही स्वर एकाच शिस्तीत हलतात, कवायतीसारखे. आरंभाची फेज यादृच्छिक ठेवता येते, आणि ती ठेवल्यावर स्वर एकमेकांपासून सुटतात. पण स्वर ११ मिनिटे दाबूनच ठेवला तर ही सोडत एकदाच निघते आणि मग तोच फरक शेवटपर्यंत कायम राहतो. तेव्हा मी स्वर दाबून न ठेवता पुनःपुन्हा दाबले, मंद उगवणारे आणि मंद मावळणारे, एकमेकांवर चढणारे: खालचा सा दर ३१ सेकंदांनी, पंचम दर २३ सेकंदांनी, तार सा दर ३७ सेकंदांनी. दर वेळी रुंदीची लाट नव्या फेजवरून निघते. तंबोऱ्याची तार दर वेळी नव्याने छेडली जाते, त्यासारखेच हे, फक्त फार संथ. या तिघांचा लसावि ७ तास १९ मिनिटांच्या पुढे जातो. रात्रभर चालणाऱ्या जुन्या संगीत नाटकांनाही तो पुरला असता.

एलएफओ सुरू कुठून होतो, याच्या तीन पर्यायांबद्दल इथे एक गोष्ट नोंदवतो, कारण ती माझ्या गैरसमजातून आली. सर्जमध्ये मुक्त, स्वरारंभी आणि यादृच्छिक असे पर्याय आहेत. मुक्त म्हणजे मनाला येईल तसे, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मुक्त स्थितीतली लाट प्रकल्पातल्या काळाशी जोडलेली असते, जणू ती गाण्याच्या आरंभापासून चालूच आहे. म्हणून फाइल दहा वेळा बाउन्स केली, म्हणजे प्रकल्पातून ध्वनिफाइल काढली, तरी त्या लाटा दहाही वेळा तिथेच येतात. यादृच्छिक स्थितीतल्या लाटा मात्र प्रत्येक बाउन्सला वेगळ्या निघतात. पातळी आणि कटऑफ सर्व स्वरांना सामाईक ठेवून मुक्त केले, रुंदी स्वरागणिक आणि यादृच्छिक केली. मग पाच बाउन्स काढले, पाचही मोनोमध्ये ऐकले आणि दिग्दर्शिकेला ऐकवून एक निवडला.

नाटकात थेट सिंथ चालवावा की फाइल, यावर आमची थोडी चर्चा झाली. थेट चालवण्यात दर प्रयोगाला नवा नाद मिळण्याचे आकर्षण होते, आणि विंगेत लॅपटॉप अडकल्यास बुवा निराधार होण्याचा धोकाही होता. फाइल ठरली. प्रवेश कधी ९ मिनिटांत संपतो, कधी १२ मिनिटे घेतो, म्हणून १४ मिनिटांची फाइल, २४ बिट, ४८००० हर्ट्झ, आकार सुमारे २४२ मेगाबाइट. प्रवेश संपला की ध्वनिचालकाने हाताने आवाज उतरवायचा. शेवटच्या तालमीत बुवांनी नादाबद्दल एक शब्दही काढला नाही. त्यांनी सा लावला, डोळे मिटले आणि गायला लागले. मध्यंतरात चहा घेताना त्यांनी मला एवढेच विचारले की तो काट्याचा ट्यूनर मोबाइलवर फुकट मिळतो का, नातवाला हवा आहे.

एक जागा मात्र मोजता येण्याजोगी उरली. सात आणि अकरा सेकंदांच्या लाटा मुक्त असून एकाच क्षणी निघतात, म्हणून त्यांची शिखरे दर ७७ सेकंदांनी एकत्र येतात: पहिल्यांदा साधारण ५८ व्या सेकंदाला, मग २ मिनिटे १५ सेकंदांना, मग ३ मिनिटे ३२ सेकंदांना. त्या क्षणी नाद किंचित भरतो आणि उजळतो. एकीची फेज सरकवून मी हे मोडणार होतो. दिग्दर्शिका म्हणाली, "थांब, ते तिसऱ्यांदा उजळतं ना, ते काढू नकोस." फाइल ठरलेली असल्याने ते उजळणे दर प्रयोगाला तिथेच येते. प्रवेशात ओसरीवरच्या मुलाचे काम करणारा नट आता घड्याळ किंवा खूण न बघता त्या उजळण्याची वाट पाहतो, आणि नाद उतरू लागला की कंदिलाची वात कमी करतो.